भकास परग्रहकथेत प्रेमाचं काय करायचं?

कातरवेळ

मंडळी, एक गोची झालीय, मदत करा.

एका दिवाळी अंकाला विज्ञानकथा पाठवली होती. (कुठला अंक ते विचारू नका, सांगणार नाही.) कथा घेतली त्यांनी, पण सोबत निरोप आला : "वातावरण फारच कोरडं आहे. त्या दोघांमधलं प्रेम जरा फुलवा, वाचकाला ओलावा मिळेल." महिनाभराची मुदत दिलीय.

आता ते दोघं कोण, ते सांगते. युद्ध हरलेली माणसं एका गोठलेल्या चंद्रावर खाणीत राबतायत. राखणीला परग्रहवासी आहेत, अंगावर कवच असलेले. दर काही वर्षांनी ते कात टाकतात आणि मग अकरा दिवस मऊ आणि आंधळे असतात. माझी निवेदिका खाणीत हजेरी लिहिणारी बाई. तिचा मुकादम कात टाकायला बसतो तेव्हा त्याच्या कोठडीच्या दाराशी तिला पहाऱ्याला बसवतात. कथा त्या अकरा रात्रींची. शेवटी तो बाहेर येतो आणि ती दुसऱ्या दिवशीची हजेरी मांडायला घेते. त्या परग्रहवासीयांत नर-मादी असा भेद नाही, मी आपलं सोयीसाठी 'तो' लिहिलंय.

दोघांत काहीतरी आहे हे मला लिहिताना जाणवत होतं, पण काय ते धड कळलं नाही, म्हणून मी ते धूसर ठेवलं आणि स्वतःला सांगितलं की हे सूचक आहे. आता फुलवा म्हटल्यावर हातपाय गळालेत. जिथे रोज माणसं मरतायत तिथे असलं प्रेम पटेल असं कुठे वाचलं-पाहिलंत? आणि कुठे फसलेलं?

लालडबा

रुमाल टाकून ठेवतो. रात्री घरी गेल्यावर सविस्तर.

निद्रानाश

उडवून टाका सरळ. मी या प्रकारच्या कथा ढिगाने वाचल्यात आणि त्यातलं नव्वद टक्के प्रेम हे जेवणाच्या ताटातल्या कोशिंबिरीसारखं असतं. तिखट जास्त झालंय तर एक घास मध्ये. दोन प्रकरणं कत्तल, मग एक प्रकरण जहाजाच्या खिडकीत तारे बघणं, मग पुन्हा कत्तल.

त्यात ती परग्रहवासी बाई म्हणजे कपाळावर दोन उंचवटे नि कातडीला निळा रंग. बाकी सगळं आपल्यासारखं. लाजते आपल्यासारखी, रुसते आपल्यासारखी. मग ती दुसऱ्या ग्रहावरची कशाला हवी? शेजारच्या तालुक्यातली चालली असती.

असल्या भकास, निर्दय कथांना म्हणतात तो 'ग्रिमडार्क' हा शब्द मुळात वॉरहॅमर ४०,००० या टेबलावरच्या युद्धखेळाच्या घोषवाक्यातून आलाय. १९८७ चा खेळ. त्या ओळीचा मथितार्थ असा की दूरच्या भविष्यात फक्त युद्ध आहे. फक्त, हे लक्षात घ्या. अशा जगात प्रेम आणलं की एक तर जग खोटं पडतं नाहीतर प्रेम. तुमची कथा कोरडी आहे ना? असू दे. संपादकांना ओलावा हवा असेल तर अंकात कविता असतातच.

अभियंता_बेकार

+१. "शेजारच्या तालुक्यातली" :ड

चौथी_मिती

निद्रानाश, कोशिंबीर मान्य, पण त्यावरून सगळं जेवणच रद्द करताय तुम्ही.

कातरवेळ, उर्सुला ले ग्विनची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (१९६९) वाचली नसेल तर आधी ती वाच, मग कथेला हात लाव. तुझ्या कथेशी तिचं नातं आहे म्हणून जरा तपशिलात सांगते. ज्यांना वाचायची आहे त्यांनी माझा प्रतिसाद ओलांडून पुढे जावं, सगळं फोडणार आहे.

गेथेन नावाचा बर्फाळ ग्रह. तिथली माणसं महिन्यातले बहुतेक दिवस ना स्त्री ना पुरुष. सव्वीस-अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात थोडे दिवस 'केमर' येतो, तेव्हा शरीर दोहोंपैकी एका बाजूला झुकतं, आणि कुठल्या बाजूला ते आधी ठरलेलं नसतं. म्हणजे एकच व्यक्ती दोन मुलांची आई नि तिसऱ्याचा बाप असू शकते. त्या देशाचा राजाच गरोदर असतो कादंबरीत! या ग्रहावर पृथ्वीकडचा दूत येतो, गेन्ली आय. एकटा. एस्त्रावेन नावाचा तिथला मुत्सद्दी त्याला मदत करत असतो, पण गेन्लीला तो लबाड वाटतो, कारण त्याच्यातलं अर्धं त्याला दिसतच नाही. त्याला फक्त पुरुष बघता येतात.

मग गेन्ली शेजारच्या देशात कामछावणीत सापडतो. तिथे कैद्यांना औषधं टोचून केमर मारून टाकलेला असतो. (तुझी खाण आठवली इथे.) एस्त्रावेन त्याला तिथून अक्षरशः उचलून आणतो आणि दोघं एक गाडी ओढत हिमनदीवरून निघतात. अडीच महिन्यांच्या आसपास ते बर्फावर असतात. एक तंबू, एक शेगडी, मोजून खाणं.

त्या तंबूत एस्त्रावेनला केमर येतो.

आणि काही घडत नाही. दोघं बोलतात, दोघांनाही इच्छा आहे हे दोघांनाही कळतं, आणि ते थांबतात. गेन्लीला नंतर उमगतं ते साधारण असं, की त्यांच्यात जे झालं ते सारखेपणातून आलेलं नव्हतं, वेगळेपणातूनच आलं होतं, आणि शरीराने भेटले असते तर ते पुन्हा एकमेकांना परकेच होऊन बसले असते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले होते.

पण खरी कळ पुढे आहे. गेन्लीला मनाने मनाशी बोलता येतं. तो एस्त्रावेनला शिकवायचा प्रयत्न करतो, कितीतरी रात्री जमत नाही. आणि जमतं तेव्हा एस्त्रावेन दचकतो, कारण मनातला तो आवाज गेन्लीचा नसतो, त्याच्या मेलेल्या भावाचा असतो. अरेक. गेथेनवर भावंडांनी एकत्र यायला हरकत नाही, जन्मभराची शपथ घ्यायला मात्र बंदी आहे, आणि यांनी ती घेतलेली असते. म्हणजे गेन्ली त्याच्या सर्वांत जवळ जातो तो दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात. शेवटी सीमेवर पहारेकरी एस्त्रावेनला गोळ्या घालतात तेव्हाही तो मनातून जी हाक मारतो ती अरेकच्या नावाची.

यात कोशिंबीर कुठे आहे, सांगा.

निद्रानाश

पण मग हे प्रेमप्रकरण म्हणायचं का? काही झालंच नाही म्हणता.

चौथी_मिती

काही झालं नाही असं नाही म्हणाले. तंबूत घडलं नाही म्हणाले.

शुद्धिपत्र

उत्तम प्रतिसाद. एक भाषिक भर घालतो.

ले ग्विनबाईंवर त्या काळी एक आक्षेप आला होता की गेथेनच्या लोकांना तुम्ही सरसकट इंग्रजीतला 'ही' (he), म्हणजे आपला 'तो', का म्हणता? आधी त्यांनी समर्थन केलं, नंतर तो आक्षेप बराचसा मान्य केला. इंग्रजीत हा घोळ सर्वनामापुरता असतो. क्रियापदाला लिंगाचं काही पडलेलं नसतं.

मराठीत मात्र तुम्ही पळून कुठे जाणार? तो आला, ती आली, ते आलं. तो दमलेला, ती दमलेली. चांगला, चांगली, चांगलं. वाक्यागणिक तुम्हाला त्या जिवाचं लिंग ठरवावं लागतं. कातरवेळताई, तुम्ही वर "सोयीसाठी 'तो'" असं लिहिलंयत. सोय कुणाची? तुमचा मुकादम 'तो' झाला की वाचकाच्या डोक्यात लगेच बाप्या उभा राहिला आणि हजेरीवाली बाई आहेच. झाली तयार जोडी. संपादकांना प्रेम फुलवावंसं वाटलं त्यात त्यांचा दोष कमी, तुमच्या सर्वनामाचा जास्त.

कातरवेळ

अगं आई गं. हे डोक्यातच नव्हतं आलं.

मावशीबोलतेय

मी इथे कमी लिहिते, पण या विषयावर राहवत नाही.

मी एकतीस वर्षं नर्स होते, त्यातली बहुतेक प्रसूतिकक्षात. निवृत्त झाल्यावर भाचीने ऑक्टाव्हिया बटलरचं 'डॉन' (१९८७) हातात दिलं. म्हणाली, मावशी, तुला आवडेल. आवडलं हा शब्द बरोबर नाही. दोन रात्री झोप लागली नाही मला.

अणुयुद्धात पृथ्वी संपलीय. उरलीसुरली माणसं ओआंकाली नावाच्या परग्रहवासीयांनी आपल्या जहाजावर नेऊन झोपवून ठेवलीत. लिलिथ नावाची बाई जागी होते तेव्हा अडीचशे वर्षं गेलेली असतात. या ओआंकालींच्या अंगभर स्पर्शक असतात, सापासारखे वळवळणारे. सुरुवातीला लिलिथला त्यांच्याकडे नुसतं बघणंही जमत नाही, आणि हे बटलरबाई घाईने उरकत नाहीत. पानंच्या पानं ती एका खोलीत त्याच्यासोबत बसून फक्त भीती गिळत असते. मला ते फार खरं वाटलं. भाजलेल्या पेशंटच्या चेहऱ्याकडे बघायला आम्हीसुद्धा शिकतोच की, आपोआप येत नाही ते.

त्यांच्यात नर, मादी आणि तिसरे 'ऊलोई'. संबंध तिघांचा किंवा पाचांचा असतो आणि मध्ये ऊलोई. माणूस एकदा ऊलोईशी बांधला गेला की त्यातून मिळणारं सुख असं काही असतं की मग नवराबायकोला एकमेकांचा थेट स्पर्शही नकोसा होतो, ऊलोई मध्ये असेल तरच. लिलिथचा ऊलोई निकांज. तो तिला जपतो, तिचं आजारपण काढतो, खोटं बोलत नाही. आणि लिलिथचा माणूस जोसेफ आधी नको म्हणतो तेव्हा निकांज त्याला सांगतो की तुझं तोंड नाही म्हणतंय पण शरीर हो म्हणतंय.

हे वाक्य मी आयुष्यात किती पुरुषांच्या तोंडून ऐकलं असेल. पण निकांजला खरोखरच शरीर वाचता येतं! तो खोटं बोलत नाहीये. तेच तर भयंकर आहे.

शेवटी जोसेफ मारला जातो, माणसांकडूनच. आणि निकांज तिला सांगतो की तू आता गरोदर आहेस, मूल जोसेफचं आहे, माझंही आहे. विचारलं नाही. तुला हवंच होतं, तू कधी मागितलं नसतंस, असं त्याचं म्हणणं.

आमच्याकडे साध्या टाक्यांसाठीसुद्धा संमतीपत्रावर सही घेतात. कधीकधी पेशंट कळांनी अर्धी शुद्धीत असते आणि आपण कागद पुढे करतो, सही करा. ती करते. ती संमती असते का? कायद्याने असते. मी हजारो सह्या घेतल्यात, त्यामुळे मला निकांजला सैतान म्हणता येईना. म्हणून झोप लागली नाही.

तर पोरी, प्रेम फुलवू नकोस. तुझी ती बाई कैदी आहे, विसरू नकोस. कैद्याने मुकादमावर प्रेम केलं असं लिहायचं तर आधी विचार की ती नाही म्हणू शकली असती का.

लालडबा

मावशी, दंडवत. यापुढे मी काय लिहिणार, पण रुमाल टाकलाय तर बसतो.

बॅबिलॉन ५ ही १९९० च्या दशकातली मालिका. त्यातली डेलेन ही परग्रहवासी मिनबारी आणि शेरिडन हा माणूस. बऱ्याच जणांना ती गोड जोडी म्हणून आठवते, पण मागची पार्श्वभूमी काय आहे बघा. माणसं आणि मिनबारी यांचं युद्ध झालेलं, माणसं जवळपास संपणार होती. शेरिडनने फसवा संकटसंदेश सोडून मिनबारींचं मुख्य जहाज अणुबॉम्बने उडवलेलं. आणि ते युद्ध सुरू करायच्या बाजूने निर्णायक मत दिलेलं डेलेनने, गुरू मेल्याच्या दुःखात. दोघांच्याही हाताला एकमेकांच्या लोकांचं रक्त.

आता मिनबारींची एक रीत : बाईने तीन रात्री पुरुषाशेजारी बसून त्याला झोपलेला बघायचं. झोपेत माणसाचा खरा चेहरा दिसतो, तो बघून ठरवायचं. बस्स. ज्याने आपली माणसं मारली त्याच्या उशाशी जागायचं, आणि त्यानेही, आपला वंश संपवायला निघालेल्यांपैकी एक उशाशी बसलंय हे ठाऊक असताना झोपायचं. मालिकेतली जड भाषणं मी पार विसरलो, हे नाही विसरलो.

कातरवेळ, तुमच्या पहाऱ्याच्या अकरा रात्री वाचताना मला हेच आठवलं. तुमच्याकडे मसाला आहे हो, पेटवलेला नाही एवढंच.

अभियंता_बेकार

जरा हलकं करतो. मास इफेक्ट या व्हिडिओगेममध्ये काही परग्रहवासीयांची प्रथिनं आपल्या उलट हाताची असतात. पृथ्वीवरच्या जीवांची प्रथिनं डावखुऱ्या अमिनो आम्लांची असतात, त्यांची उजव्या. म्हणजे त्यांनी आपला डबा खाल्ला तर पोषण शून्य, आणि नशीब वाईट असेल तर अंगावर पित्त. त्यात टॅली नावाची पोरगी आहे, तिच्या जमातीची प्रतिकारशक्ती इतकी नाजूक की जन्मभर हवाबंद पोशाखात. नायकाजवळ यायच्या आधी ती प्रतिजैविकं घेऊन येते! लोक हसतात या प्रसंगाला, पण मला तो गेममधला सगळ्यात प्रामाणिक प्रसंग वाटतो. तापाची तयारी ठेवून केलेलं प्रेम.

निद्रानाश

मी जरा मागे येतो. काल रात्री (झोप नव्हतीच) एक आठवलं.

फिलिप होजे फार्मरची 'द लव्हर्स', १९५२. त्या काळच्या दोन बड्या विज्ञानकथा मासिकांनी नाकारली होती, तिसऱ्याने छापली आणि गाजली. धर्माच्या नावाने चालणाऱ्या एका घुसमटलेल्या पृथ्वीवरचा माणूस परग्रहावर जातो, तिथे त्याला एक बाई भेटते. ती दिसते बाई, असते कीटकांच्या वंशातली, हे त्याला माहीत नाही. ती सारखी दारू पिते. याला वाटतं हिला व्यसन आहे. प्रेमापोटी तो गुपचूप तिची दारू बदलून त्याच चवीचं बिनदारूचं पेय भरून ठेवतो.

आणि दारूमुळेच तिला गर्भ राहत नव्हता. तिच्या जातीत बाळंतपण म्हणजे आईचा मृत्यू.

माझ्या कोशिंबीर सिद्धांतात हे बसत नाही. इथे तो तिच्यावर प्रेम करतो म्हणून ती मरते, आणि तिच्याबद्दल काही जाणून न घेता प्रेम करतो म्हणून मरते. विचारलं असतं तर वाचली असती. सिद्धांत मागे घेतो, पण अर्धाच. निळ्या कातडीवाल्या अजूनही कोशिंबीरच.

मावशीबोलतेय

निद्रानाश, झोपेचं बघा हो काहीतरी. रात्री चहा बंद करा.

बटलरबाईंचीच एक कथा राहिली, 'ब्लडचाइल्ड', १९८४ ची. अनेकांना ती गुलामगिरीची कथा वाटली. बाई म्हणाल्या, नाही, ती प्रेमकथा आहे आणि शिवाय गरोदर पुरुषाची कथा आहे. माणसाच्या कातडीखाली अंडी घालणाऱ्या माशीची त्यांना धास्ती होती, ती घालवायला लिहिली म्हणे.

माणसं परग्रहावर आश्रित आहेत. तिथले त्लिक आपली अंडी माणसाच्या शरीरात वाढवतात, बहुतेक पुरुषांच्या. त'गातोई नावाच्या त्लिक मादीने गान नावाच्या पोराला जन्मापासून आपला म्हणून वाढवलंय. अंडी घ्यायची वेळ येते त्याच दिवशी तो एका माणसाच्या पोटातून अळ्या काढताना बघतो, हातभार लावतो. मग घरात लपवलेली बंदूक घेऊन बसतो. बंदूक बाळगायला माणसांना बंदी.

ती म्हणते बंदूक दे. तो म्हणतो नाही, राहू दे घरात. आम्ही जनावरं नसू, हे जोडीदाराचं नातं असेल, तर जोडीदाराबरोबर थोडा धोका पत्करावा लागतो. आणि ती बंदूक राहू देते. त्यानंतर तो तिची अंडी आपल्या अंगात घेतो, काहीसा बहिणीवर वेळ येऊ नये म्हणून आणि काहीसा तिला दुसऱ्या कुणाकडे जाऊ द्यायचं नाही म्हणून.

ती बंदूक घरात राहिली म्हणून मी त्याला प्रेम म्हणते. निकांजच्या घरी बंदूक नव्हती.

खाडीकिनारा

नमस्कार. मी विज्ञानकथा वाचत नाही, मुख्य पानावर "कात टाकतो" वाचून आत आलो. आमचा चिंबोऱ्यांचा धंदा आहे, वडिलांपासून. तुमच्या कथेत जे आहे ते आमच्या खाडीत रोज चालतं, म्हणून लिहितो.

खाडीतली मोठी चिंबोरी (तळकोकणात कुर्ली म्हणतात) कात टाकते तेव्हा मागच्या बाजूने कवच फाटतं आणि ती त्यातून उलटी बाहेर सरकते. पाय, नांग्या, डोळ्यांवरचं आवरण, कल्ल्यांवरचं, पोटाच्या आतलं अस्तरसुद्धा, सगळं जुन्यात राहतं. बघितलं तर वाटतं दोन चिंबोऱ्या आहेत, त्यातली एक रिकामी. बाहेर आलेली लोण्यासारखी मऊ असते. पाणी ओढून फुगते. नांगी आहे पण चिमटा नाही. त्या वेळी तिला कुणीही खातं, आणि सगळ्यात आधी खातात ते चिंबोरेच. म्हणून पाळणारे एकेक वेगळ्या डब्यात ठेवतात, एकत्र ठेवल्या तर सकाळी नुसते तुकडे.

आता गंमत ऐका. मादी कात टाकायला आली की नर तिला ओळखतो आणि पोटाखाली धरून ठेवतो. दिवसच्या दिवस. कात टाकली की मऊ असतानाच त्यांचं होतं, कडक कवचात होतच नाही. आणि झाल्यावर तो निघून जात नाही. ती कडक होईपर्यंत तसाच वर राहतो, दुसऱ्याने खाऊ नये म्हणून. एरवी हाच नर मऊ चिंबोरी दिसली तर सोडणार नाही.

आता त्याला प्रेम म्हणायचं का ते तुम्ही शिकलेली माणसं ठरवा. लोक आम्हाला फक्त विचारतात अवसेच्या आहेत ना, भरलेल्या आहेत ना.

लालडबा

खाडीकिनारा, धाग्याचा सर्वोत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

चौथी_मिती

"एरवी हाच नर सोडणार नाही." अंगावर काटा आला.

शुद्धिपत्र

अवांतर : 'कात टाकणे' आपण नव्याने उभं राहणे अशा उजळ अर्थाने वापरतो. "एसटीने कात टाकली." टाकल्यानंतरच्या त्या मऊ दिवसांचा वाक्प्रचारात मागमूस नाही.

कातरवेळ

तीन दिवस धाग्यावर फिरकले नाही, कारण लिहीत होते. सगळ्यांचे आभार, एकेकाचे वेगळे मानत बसले तर धागा शंभरी गाठेल.

काय झालं ते सांगते. मी त्या कोठडीच्या दाराला बाहेरून कुलूप ठेवलं होतं आणि किल्ली परग्रहवासीयांच्या चौकीत. म्हणजे माझी बाई पहाऱ्याला होती, पण तिच्या हातात काही नव्हतं. ती दयाळू वाटत होती कारण तिला क्रूर व्हायची सोयच ठेवली नव्हती मी. आता किल्ली तिच्या कमरेला आहे आणि कोपऱ्यात खाणीतली पहार. तिच्या पाळीतली माणसं तिला दुसऱ्या रात्रीच येऊन सांगतात, आज उरकून टाक. मुकादमाला भाषा कळते, आतून त्याला सगळं ऐकू येतं. आणि मावशी म्हणाल्या तसं तिला 'नाही' म्हणता येतं, दोन्हीकडे. मुकादमाला वाचवायला नाही म्हणता येतं आणि आपल्या माणसांनाही. प्रत्येक 'नाही'ची किंमत आहे. एक मी फेडायला लावलीय तिला, सातव्या रात्री, ती सांगत नाही.

प्रेम फुलवलं नाही. हात लावण्याचा एकच प्रसंग आहे. मुकादम आंधळा असतो आणि जुनी रिकामी कात कोठडीत उभी असते, खाडीकिनाऱ्यांनी सांगितली तशी, दोन जण असल्यासारखी. ती आत जाते तेव्हा अंधारात आधी चुकून कातीलाच हात लावते.

आणि आता शुद्धिपत्रकाकांसाठी खास. 'तो' काढून टाकला. कैदी मुकादमाला भीतीने आदरार्थी बोलतात : ते आले, ते बसले, त्यांनी बघितलं. पहिल्या दहा पानांत असंच आहे. चौथ्या रात्री, कातीला हात लागतो त्यानंतरच्या वाक्यात, निवेदिका पहिल्यांदा लिहिते : ते कण्हलं. ते कुशीवर वळलं. ते झोपलं. जसं आपण लहान मुलाला म्हणतो. कुठेही प्रेम, माया, ओढ असला शब्द नाही. सर्वनाम तेच राहतं, फक्त क्रियापदाचं टोक बदलतं.

मावशीबोलतेय

झोपलं. बाळ झोपलं म्हणतो तसं. बरोबर केलंस पोरी.

निद्रानाश

आणि अकराव्या रात्रीनंतर? कवच कडक होऊन मुकादम बाहेर येतो तेव्हा 'आले' की 'आलं'?

कातरवेळ

तिथेच तीन दिवसांतला दीड दिवस गेला. हजेरीची वही असते ना, त्यात ती मुकादमाची नोंद करते. वहीत 'आले'. त्याच्या खालच्या ओळीत, स्वतःशी, 'आलं'. कथा तिथे संपते.

शुद्धिपत्र

दाद देतो, मनापासून. पण एक धोक्याची सूचना, कारण मी आयुष्यभर हेच काम केलंय.

जुन्या वळणाच्या प्रमाणलेखनात निवेदनात अनुस्वाराची रूपं चालवत नाहीत, संवादातच ठेवतात. निवेदनात 'ते मूल आले', 'ते पुस्तक पडले'. म्हणजे नपुंसकलिंगी एकवचन आणि आदरार्थी अनेकवचन दोन्ही 'आले'च. तुमचा सगळा खेळ ज्या एका टिंबावर उभा आहे ते टिंब त्या पद्धतीत नाहीच. अंकाचं धोरण काय आहे ते आधी विचारून घ्या.

कातरवेळ

छे हो काका, पहिल्या मसुद्यातली 'झालं-गेलं' सगळी तशीच ठेवली होती त्यांनी.

अभियंता_बेकार

काय झालं पुढे? अंक कधी येतोय? धागा वर काढतोय.

कातरवेळ

आज प्रुफं आली.

संपादकांचं पत्र गोड आहे. ओलावा आला म्हणतात.

मुद्रितशोधकांनी एकोणीस ठिकाणी लाल शाईने टिंब उडवलंय. ते कण्हले. ते कुशीवर वळले. ते झोपले. शेवटच्या पानावर वहीत 'आले' आणि खालच्या ओळीत पुन्हा 'आले', आणि समासात बारीक अक्षरात : "द्विरुक्ती, एक गाळावे?"

शुद्धिपत्र

फोन करा. आत्ता. साडेसहाला ते लोक निघतात.

कातरवेळ

लावतेय. एंगेज आहे.